तुमची पोस्ट का उडवली जाते?

नोकरी सोडून घरून अनुवादाची कामे घेणारी एक तरुणी डोळ्यांसमोर आणा. फेसबुकवरच्या वीस हजार सभासदांच्या मराठी ग्रुपमध्ये ती चार ओळी लिहिते : ‘इंग्रजी-मराठी अनुवाद, मुद्रितशोधन, डीटीपी. वाजवी दर. इनबॉक्स करा.’ मजकुरात खोटे काही नाही, दरही खरोखरच वाजवी आहेत. तरी दहा मिनिटांत पोस्ट गायब होते. कोणी काढली, का काढली, काही कळत नाही. त्याच संध्याकाळी त्याच ग्रुपमध्ये कोणी तरी विचारतो, ‘कथासंग्रहाचे मुद्रितशोधन करून देणारे कोणी माहीत आहे का?’ ही पोस्ट मात्र दोन दिवस राहते आणि तिच्याखाली तीसचाळीस नावे जमतात. काम तेच, वाचणारी माणसेही तीच. मग एक पोस्ट चालते आणि दुसरी का चालत नाही?

अशा वेळी पहिला संशय येतो तो अ‍ॅडमिनच्या मनातल्या आकसाचा. कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा पोस्ट काढणाऱ्याला, मग तो माणूस असो की यंत्र, तुमच्याबद्दल काहीच माहिती नसते. माहिती नसते म्हणूनच पोस्ट जाते. हे नियम कशातून आले आणि कसे चालतात हे एकदा समजले, की फ्रीलान्सरचा बराचसा मनस्ताप वाचतो.

टाकणाऱ्याला फुकट, वाचणाऱ्याला महाग

१२ एप्रिल १९९४. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातले वकील दांपत्य लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल यांनी एक जाहिरात दिली. अमेरिकन सरकार ग्रीन कार्डासाठी सोडत काढत होते. त्या सोडतीचा अर्ज आम्ही फी घेऊन भरून देऊ, असा तिचा मजकूर होता. म्हणजे तेही आपली सेवाच विकत होते. त्या काळी यूझनेट नावाची चर्चागटांची मोठी व्यवस्था होती. कोणता गट गणिताचा, कोणता स्वयंपाकाचा, कोणता एखाद्या देशातल्या लोकांचा. या दांपत्याने छोटासा संगणकीय कार्यक्रम वापरून ती जाहिरात साडेपाच हजारांच्या आसपास गटांमध्ये एकाच झटक्यात टाकली. तीही प्रत्येक गटात स्वतंत्रपणे. त्यामुळे पाच गट वाचणाऱ्याला ती पाच वेळा दिसली.

लोक भडकले. निषेधाच्या पत्रांचा इतका पूर आला, की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि कंपनीने त्यांची जोडणी तोडली. नॉर्वेतल्या एका प्रोग्रामरने त्यांच्या जाहिराती शोधून आपोआप रद्द करणारा कार्यक्रम लिहिला. स्वयंचलित मॉडरेशनच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक. पुढे १९९७ मध्ये टेनेसी राज्याने कँटरची सनद काढून घेतली आणि त्यामागच्या कारणांत ही जाहिरातबाजीही होती. वकिलांचा स्वतःचा दावा मात्र असा होता, की या जाहिरातीतून आपल्याला एक लाख डॉलरची कामे मिळाली. तो खरा मानला तर गोष्ट अधिकच गंभीर होते, कारण मग हा धंदा फायद्याचा ठरतो आणि उद्या आणखी हजार जण तेच करणार.

सगळ्या नियमांची मुळे इथे आहेत. पोस्ट टाकणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो, पण वाचणाऱ्यांचा तसा नसतो. वीस हजार सभासदांच्या ग्रुपमध्ये एका जाहिरातीवर प्रत्येकाचे फक्त पाच सेकंद गेले, तर एकूण एक लाख सेकंद होतात, म्हणजे जवळपास २८ तास. हा खर्च जाहिरातदाराच्या खिशातून जात नाही, म्हणून त्याला तो दिसत नाही. वृत्तपत्रातल्या छोट्या जाहिरातीला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे माणूस विचार करून लिहीत असे. इंटरनेटने तो खर्च काढून टाकला आणि विचार करण्याची गरजही.

पाणी सामाईक, म्हणून पाटकरी

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर कित्येक पिढ्या चाललेली फड पद्धत पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते. एका हंगामात एका फडात एकच प्रकारचे पीक घ्यायचे. पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडायचे हे पाटकरी पाहतो. शेतकऱ्याने मनाला येईल तेव्हा पाट फोडायचा नाही. एखाद्या वर्षी आपल्या रानाला चार दिवस आधी पाणी हवे असते आणि ते मिळत नाही, तेव्हा पाटकऱ्याचा राग येणे साहजिक आहे. पण प्रत्येकाने आपापला पाट फोडला तर शेवटच्या शेतापर्यंत थेंब पोचणार नाही, हे गावाला ठाऊक असते.

ग्रुपमधले सामाईक पाणी म्हणजे सभासदांचे लक्ष. तेही मोजकेच असते आणि उपसले की आटते. जाहिराती वाढल्या की जाणती माणसे ग्रुप न सोडता नुसती वाचायची थांबतात. सभासदसंख्या वीस हजारच दिसते, पण उत्तर देणारे उरत नाहीत. मग तिथे जाहिरात करण्यातही अर्थ राहत नाही.

अशा सामाईक साधनांवर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केले. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. स्वित्झर्लंडमधली कुरणे, स्पेनमधले पाट, फिलिपीन्समधले पाणीवाटपाचे गट यांचा अभ्यास करून १९९० मधल्या पुस्तकात त्यांनी दाखवून दिले, की सरकारी बडगा किंवा खासगी मालकी यांपैकी काहीच नसतानाही लोक सामाईक साधन शेकडो वर्षे टिकवतात. अशा टिकाऊ व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट असते. नियम त्या जागेला साजेसे असतात आणि ते बनवण्यात वापरणाऱ्यांचा हात असतो. लक्ष ठेवणारा माणूस त्यांच्यातलाच असतो. पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा होते, मग चढत्या क्रमाने कडक. आणि तंटा झाला तर तो लवकर आणि स्वस्तात मिटवायची सोय असते.

चांगल्या चाललेल्या कुठल्याही ऑनलाइन समूहाची नियमावली काढून पाहा, ऑस्ट्रॉम यांची यादीच वाचल्यासारखे वाटेल. पहिल्यांदा पोस्ट काढतात, दुसऱ्यांदा सात दिवस लिहायला बंदी, मग हकालपट्टी. शेवटची अट, म्हणजे तंटा मिटवायची सोय, मात्र बहुतेक ठिकाणी लंगडी असते. त्याबद्दल पुढे.

चांगल्या कामगाराचेच नुकसान

पण मग सगळ्यांना जाहिरात करू द्यावी आणि लोकांनीच चांगले-वाईट निवडावे, असे का होत नाही? याचे उत्तर अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलेल्या निबंधात आहे. जुनी गाडी चांगली आहे की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, त्यामुळे चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि खटारा गाड्या उरतात. मग घेणारा आणखी कमी किंमत देऊ लागतो.

अनुवाद, वेबसाइट किंवा हिशेबाच्या कामांतही तीच गत आहे. ‘दर्जेदार काम, वाजवी दर’ हे शब्द लिहायला निष्णात माणसाला आणि काल संगणक घेतलेल्या माणसाला सारखाच वेळ लागतो. पन्नास जाहिराती एकाखाली एक आल्या तर ग्राहकाला वेगळा दिसतो तो फक्त दर. मग जो सर्वांत कमी सांगतो त्याला काम जाते, ते बिघडते, आणि ग्राहक म्हणतो, ‘ऑनलाइन माणसे नकोच.’ चांगले काम करणारी माणसे तोवर ग्रुपमधून निघून गेलेली असतात.

अकरलॉफ यांच्याबरोबर २००१ चे नोबेल मायकेल स्पेन्स यांनाही मिळाले, आणि उपाय स्पेन्स यांनी सुचवला होता. ज्या गोष्टीची नक्कल करणे महाग पडते, तीच खरी खूण असते. ‘मी चांगला अनुवादक आहे’ हे वाक्य कोणीही लिहील. पण ‘अमुक कायदेशीर संज्ञेला मराठीत काय म्हणावे’ या प्रश्नाला सहा महिने सातत्याने अचूक उत्तरे देणे आळशी किंवा अर्धकच्च्या माणसाला जमणार नाही. म्हणून तर ‘आधी चर्चेत भाग घ्या, मग स्वतःच्या कामाबद्दल लिहा’ असा नियम जवळजवळ सगळीकडे कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. रेडिट या चर्चासमूहांच्या संकेतस्थळावर बरीच वर्षे असा संकेत होता, की आपण टाकलेल्या मजकुरापैकी साधारण दहा टक्क्यांहून जास्त भाग स्वतःच्या प्रचाराचा नसावा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या जागी आपल्याच उत्पादनाची शिफारस करायची तर ते आपले आहे हे उघड सांगावे लागते.

अनुवादकांच्या प्रोझ या संकेतस्थळाने हे फारच नेमके साधले आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या जागी अडलेल्या शब्दाबद्दल कोणीही विचारू शकतो. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला पटते त्याला गुण मिळतात, आणि त्या गुणांचा अनुवादकांच्या यादीतल्या क्रमावर परिणाम होतो. ग्राहक यादी पाहतो तेव्हा वर दिसणारा माणूस जाहिरात करून नव्हे, तर इतरांचे शब्द सोडवून वर आलेला असतो.

सुरुवातीच्या कोड्याचे निम्मे उत्तर इथे मिळाले. ‘मुद्रितशोधक हवा’ या पोस्टमागे गरज असते, जबाबदारी घेणारा माणूस असतो, आणि खालची तीसचाळीस नावे अनेकदा दुसऱ्यांनी सुचवलेली असतात. ‘मी मुद्रितशोधन करतो’ या पोस्टमागे वाचणाऱ्याला पडताळता येईल असे काहीच नसते.

यंत्र काय वाचते?

आता उरलेले निम्मे. मोठ्या ग्रुपमध्ये प्रत्येक पोस्ट माणूस वाचत नाही. रेडिटवर ऑटोमॉडरेटर आहे, फेसबुकने २०२१ मध्ये ग्रुपचालकांना अ‍ॅडमिन असिस्ट दिले. दोन्हींचे काम सारखेच : ग्रुपचालकाने आधी घालून दिलेल्या अटींवर पोस्ट पारखायची आणि पास, नापास किंवा ‘थांबवून ठेवा’ ठरवायचे.

पहिली अट बहुधा खात्याच्या वयाची असते. नवे खाते उघडायला पैसे पडत नाहीत, म्हणून फसवणारा एक खाते बंद पडले की दुसरे उघडतो. त्याला सहज मिळवता न येणारी गोष्ट म्हणजे गेलेला काळ. तीस दिवसांहून नव्या खात्याची पोस्ट रोखून ठेवा, एवढ्या एका अटीने पुष्कळ कचरा थांबतो. दुसरी अट लिंकची. गूगलने सुरुवातीपासून एखाद्या पानाकडे किती ठिकाणांहून दुवे येतात त्यावर त्याचे वजन ठरवले. त्यामुळे कोणी वाचो न वाचो, नुसता दुवा पेरून ठेवण्यातही फायदा दिसू लागला. २००५ मध्ये गूगलने दुव्यांना ‘हा मोजू नका’ अशी खूण लावायची सोय केली, पण पेरण्याची सवय गेली नाही. म्हणून नवख्याच्या पोस्टमधला दुवा आजही यंत्राला खटकतो. तिसरी अट म्हणजे तोच मजकूर अनेक ठिकाणी. तुम्ही एकच परिच्छेद बारा ग्रुपमध्ये चिकटवलात, तर यंत्राच्या दृष्टीने तुमच्यात आणि १९९४ च्या त्या वकिलांत फरक नसतो.

याखेरीज शब्दांवरून अंदाज बांधणारी चाळणी असते. तिचे गणित अठराव्या शतकातल्या टॉमस बेझचे. स्पॅम, म्हणजे नको असलेल्या जाहिराती, ओळखण्यासाठी ते कसे वापरावे हे २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने सर्वदूर पोचवले. समजा, यंत्रापुढे आधी काढलेल्या एक हजार पोस्ट आणि राहू दिलेल्या एक हजार पोस्ट ठेवल्या. ‘वाजवी दर’ हे शब्द पहिल्या ढिगात ३०० वेळा आणि दुसऱ्यात १० वेळा आले. मग यंत्र धरून चालते, की हे शब्द असलेली पोस्ट काढण्याजोगी असण्याची शक्यता ती राहू देण्याजोगी असण्याच्या तीसपट. ‘त्वरित संपर्क’ आला की त्याचेही असेच गुणोत्तर निघते आणि ते पहिल्याने गुणले जाते. ‘इनबॉक्स करा’ आले, पुन्हा गुणाकार. उलट ‘अनुस्वार’, ‘परिशिष्ट’, ‘संदर्भसूची’ असे शब्द राहू दिलेल्या ढिगात जास्त असतात, म्हणून ते शक्यता खाली आणतात. आपल्या तरुणीची पोस्ट पुन्हा वाचा. चार ओळींत तिने यंत्राला खटकणारे जवळजवळ सगळे शब्द वापरले आणि तिच्या बाजूने बोलणारा एकही नाही.

मराठीसाठी अडचण थोडी वाढते. यंत्राला शिकवायला इंग्रजी मजकुराचे डोंगर आहेत, मराठीचा मजकूर त्या मानाने थोडा, आणि त्यातलाही बराच रोमन लिपीत मनाला येईल तशा वर्णलेखनात लिहिलेला.

सुक्याबरोबर ओलेही जळते

चाळणी चांगली असली तरी निर्दोष माणसे सापडतातच, आणि किती सापडतात हे हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा, एका दिवशी हजार पोस्ट आल्या. त्यांतल्या ९०० चांगल्या, १०० स्पॅम. यंत्र शंभरातल्या ९५ स्पॅम पकडते आणि चांगल्यांतल्या शंभरास फक्त दोन चुकून अडवते. ऐकायला उत्तमच वाटते. पण ९०० चे दोन टक्के म्हणजे १८. एकूण अडवलेल्या ११३ पोस्टपैकी १८ निरपराध, म्हणजे सहांतली एक. त्या अठरा जणांत जुने, ओळखीचे सभासद जवळजवळ नसतात, कारण खात्याचे वय आणि आधीचा सहभाग त्यांना वाचवतो. असतात ते नवखे : पहिलीच पोस्ट टाकणारे, ज्यांना कामाची सर्वांत जास्त गरज आहे ते.

मग निदान कारण तरी सांगा, असे कोणालाही वाटेल. पुष्कळ ठिकाणी कारण मुद्दामच सांगत नाहीत. काही ठिकाणी तर पोस्ट तुम्हाला दिसत राहते, इतरांना दिसत नाही. यामागचा युक्तिवाद असा, की ‘तुमचा तिसरा शब्द खटकला’ असे सांगितले तर फसवणारा तो शब्द बदलून पुन्हा येईल. युक्तिवादात तथ्य आहे. पण मला तो अपुरा वाटतो, कारण फसवणारा दहा खाती वापरून कारण तसेही शोधून काढतो. प्रामाणिक माणसाकडे एकच खाते असते आणि तो अंधारात राहतो. शगुन झावर, एमी ब्रुकमन आणि एरिक गिल्बर्ट यांनी रेडिटवरच्या सुमारे ३ कोटी २० लाख पोस्टचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला. पोस्ट काढताना कारण दिले, तर पुढच्या वेळी त्याच माणसाची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता कमी होते. म्हणजे कारण सांगितल्याने मॉडरेटरचे काम पुढे हलकेच होते.

मॉडरेटरची बाजूही पाहायला हवी. रेडिटवरचे बहुतेक मॉडरेटर बिनपगारी आहेत. कंपनीने बाहेरच्या साधनांसाठी जबर दर जाहीर केले, तेव्हा जून २०२३ मध्ये निषेध म्हणून हजारो समूहांनी आपली दारे बंद केली, कारण त्यांचे रोजचे काम त्या साधनांवर चालत होते. मराठी ग्रुपचे अ‍ॅडमिनही नोकरी, संसार सांभाळून रात्री अकराला शंभर पोस्ट चाळतात. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्यांच्या हातात फार थोडी साधने आहेत. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत दिसल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. सभासद घेणे आणि काढणे याहून फारसा अधिकार अ‍ॅडमिनकडे नसतो, हे त्यातले एक कारण. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय अ‍ॅडमिनला मिळाली ती २०२२ मध्ये. पोस्ट आधी तपासून मग सोडण्याची सोय नसल्यामुळे अनेक ग्रुप सरळ ‘जाहिराती फक्त शनिवारी’ असा नियम करतात. नियम ओबडधोबड आहे, पण मला तो चांगला वाटतो, कारण सभासदाला शनिवारी काय येणार ते माहीत असते आणि फ्रीलान्सरला हक्काचा दिवस मिळतो.

हॅकर न्यूज या तंत्रज्ञांच्या चर्चास्थळावर हीच गोष्ट महिन्याच्या हिशेबाने होते. एरवी तिथे ‘मला काम द्या’ चालत नाही. पण महिन्याच्या सुरुवातीला खास धागे उघडतात आणि त्यांत काम देणारे व काम शोधणारे लिहितात. काम शोधणाऱ्याने आधी ठिकाण सांगायचे, मग कौशल्ये. रेडिटवरच्या ‘फॉर हायर’ समूहात तर ‘काम हवे’ की ‘माणूस हवा’ ही खूण शीर्षकातच लावावी लागते. ती नसली तर यंत्र पोस्ट उचलून बाजूला ठेवते, मजकूर कितीही चांगला असो.

नंबर देऊ नका, असे का?

फ्रीलान्सरांना काम मिळवून देणाऱ्या अपवर्क, फायव्हर अशा खास बाजारांचे नियम वेगळ्याच कारणाने कडक असतात. अपवर्क हे नाव २०१५ चे, इलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन ही कंपनी बनली. फायव्हर २०१० मध्ये इस्रायलमध्ये पाच डॉलरच्या कामांपासून सुरू झाली. दोन्हींवर करार होण्याआधी फोन नंबर किंवा ईमेल देता येत नाही, आणि यंत्र संदेशांत त्यांचा माग काढत असते.

याची कारणे दोन, आणि दोन्ही खरी आहेत. एक कंपनीच्या सोयीचे. फायव्हर काम करणाऱ्याच्या रकमेतून २० टक्के कापून घेते. ग्राहक आणि कामगार बाहेर भेटले तर तिचे उत्पन्न बुडते. अपवर्कच्या नियमानुसार तिथे भेटलेल्या ग्राहकाशी दोन वर्षे व्यवहार तिथूनच करावा लागतो, नाहीतर वेगळी रक्कम भरून मोकळीक घ्यावी लागते.

दुसरे कारण मात्र कामगाराच्या हिताचे आहे. या ठिकाणी ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाने पैसे आधी कंपनीकडे जमा करायचे असतात. काम पोचले, पसंत पडले, की ते कामगाराला मिळतात. वाद झाला तर झालेले संभाषण पुरावा म्हणून समोर असते. ‘इथे नको, टेलिग्रामवर बोलू’ असे म्हणणारा ग्राहक तुम्हाला या संरक्षणाबाहेर नेत असतो. आपल्याकडे डेटा एंट्रीच्या नावाखाली चालणारी फसवणूक याच वाटेने जाते. आधी घाईघाईने ‘करारा’वर सही करून घेतात, मग हजार पाने टंकित करायला देतात. शेवटी ‘अचूकता कमी पडली, करारभंग झाला’ म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस येते आणि उलट पैसे मागितले जातात. काम मिळवण्यासाठी नोंदणी फी किंवा अनामत मागणारा हा ग्राहक नव्हेच.

चौकट : पोस्ट गेली, खाते अडकले, पैसे गेले

ग्रुपमधून पोस्ट काढली गेली असेल तर आधी ग्रुपची नियमावली वाचा. ती बहुधा वर पिन केलेली किंवा माहितीच्या पानावर असते. मग एकाच अ‍ॅडमिनला छोटा, शांत निरोप पाठवा : कोणती पोस्ट, केव्हा, आणि ती कुठे चालेल. तीच पोस्ट लगेच पुन्हा टाकू नका, यंत्र त्याला दुसरा गुन्हा मानते.

कंपनीनेच खाते बंद केले असेल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तक्रारीची पोच २४ तासांत मिळायला हवी. उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. या समित्या २०२३ पासून आहेत.

पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

तीच तरुणी, दुसरी पोस्ट

आता पहिल्या पोस्टच्या जागी हे वाचा. ‘गेल्या आठवड्यात इथे जुन्या मोडी कागदांच्या लिप्यंतराबद्दल चर्चा झाली, त्यावरून सांगते. मी इंग्रजी-मराठी कायदेशीर अनुवाद करते, मुख्यतः भाडेकरार आणि मृत्युपत्रे. नमुन्यादाखल एका भाडेकराराचा उतारा मूळ आणि अनुवाद असा खाली देत आहे, त्यातल्या नावांत बदल केला आहे. ‘इंडेम्निटी’ला मी ‘नुकसानभरपाईची हमी’ वापरले, याहून चांगला शब्द कोणाला सुचला तर हवा आहे. असे काम करते हे शनिवारच्या धाग्यात दरासह लिहिले आहेच.’

यात लिंक नाही, ‘वाजवी’ नाही, ‘त्वरित’ नाही. कामाचे क्षेत्र अरुंद आहे, आणि ते तसेच असावे. ‘अनुवाद, डीटीपी, लोगो, वेबसाइट’ असे एका दमात सांगणाऱ्याकडे वकील मृत्युपत्र देत नाही. उताऱ्यात तिचे काम दिसते, आवडले नाही तर सांगायची सोय आहे, आणि वाचणाऱ्याला काम द्यायचे नसले तरी एक शब्द मिळतो. यंत्राच्या गणितात ‘भाडेकरार’, ‘मृत्युपत्र’, ‘लिप्यंतर’ हे शब्द तिच्या बाजूने उभे राहतात. अ‍ॅडमिनला नियम मोडल्यासारखे वाटत नाही. अशी पोस्ट लिहायला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ घालवायची फसवणाऱ्याची तयारी नसते.

नव्या माणसाला तरीही सुरुवातीचे दोन-तीन महिने कोरडे जातात. त्या काळात पाच-सहा ग्रुपांत विखरून जाण्यापेक्षा एक-दोन ठिकाणी नाव ओळखीचे करणे बरे. उत्तरे द्या, दुसऱ्या अनुवादकाचे नाव सुचवा, आपल्याला न जमणारे काम उघडपणे पुढे पाठवा. लोक शिफारस करतात ती अशा माणसाची.

आणि ग्रुप चालवणाऱ्यांना विनंती : आपले नियम मराठीत, दहा ओळींत लिहा आणि वर पिन करा. जाहिरातीसाठी आठवड्यातला एक दिवस किंवा एक धागा मोकळा ठेवा. पोस्ट काढाल तेव्हा ‘नियम ३, शनिवारी टाका’ एवढे चार शब्द पाठवा. आपल्याकडे आज कितीतरी मुली आणि मुले घरात बसून, आपल्या भाषेतल्या कौशल्यावर पोट भरायचा प्रयत्न करत आहेत. त्यांच्या पहिल्या पोस्टला मिळालेले चार शब्दांचे उत्तर त्यांना दुसरी पोस्ट नीट लिहायला पुरेसे असते.